गुणाची पत्ती

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. तरी कुणी "बाळ पाच दिवस छान पीत होतं" असं म्हटलं, की पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच मी खाली बसते. परवा शेजारीण सांगत होती. तिच्या नातवाला कावीळ झाली होती, दोन दिवस दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि उतरली. पण तिचं सांगून होईपर्यंत मी पायरीवर बसले होते. ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या नर्स होतात, आणि तुम्हालाच भीती?" नर्स होते म्हणूनच.

मी जळगावची, शहरात वाढलेली. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत मला धरणगावच्या पलीकडे, कापसाच्या काळ्या रानातलं एक उपकेंद्र मिळालं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, त्यातल्या एकीत मीच राहायची. माझ्याकडे पाच गावं. सायकल येत नव्हती, म्हणून सगळं पायी. खांद्याला लसींची थंड पेटी, तिच्यात बर्फ, आणि बर्फ वितळायच्या आत घरं संपवायची. घरं काही संपायची नाहीत, बर्फ तेवढा संपायचा. चपलांचे वर्षाला तीन जोड झिजवले असतील. आज गुडघे बोलतात ते तेव्हाचंच बोलतात.

उपकेंद्राच्या गावात बायका बाळाचं वय महिन्यांवर मोजायच्या नाहीत, आधी दिवसांवर मोजायच्या. सातवा दिवस गेला की मगच बारशाचं बोलायचं. का, ते मला आल्या आल्या कळलं नाही. मग एकदा कळलं. बाळ चांगलं जन्मतं, रडतं, पितं. चौथ्या-पाचव्या दिवशी स्तन घ्यायचं बंद होतं. भूक असते, तोंडच उघडत नाही. मुठी वळतात. कुणी नुसता हात लावला, जोरात दार लावलं, तरी अंग ताठ होतं, पाठ मागे वाकते. सहाव्या-सातव्या दिवशी सगळं संपतं. गावात म्हणत, सटवीने नेलं.

हा धनुर्वात, हे मी सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. धनुर्वात त्यांना माहीत होता, चांगला माहीत होता. नांगराचा फाळ पायाला लागला, गंजका खिळा घुसला, तर गडी माणूस बैलगाडी जुंपून सुई घ्यायला धरणगावला जायचा. पण बाळाला? गावातली दाई, तिला सगळे अक्का म्हणत, तिने मला सरळ विचारलं होतं, "पाच दिनना पोरले खिळा कोठे लागना, बाई?"

प्रश्न चुकीचा नव्हता. खिळा ती स्वतःच लावत होती, पण ते तिच्या तोंडावर कसं सांगायचं. नाळ कापायला घरातला विळा घ्यायचा. त्याच विळ्याने ज्वारी कापलेली, गवत कापलेलं, गोठ्यात खोचून ठेवलेला. कापून झालं की बेंबीवर चुलीतली राख, कुठे शेणकुटाची राख तेलात कालवून. मग तो विळा बाळंतिणीच्या उशाशी, वाईट नजर येऊ नये म्हणून. पाचवीला तो पाटावर मांडायचा, हळद-कुंकू वाहायचं, घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा. ज्याने बाळाला आईपासून मोकळं केलं त्याची पूजा. त्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. फक्त त्याच्या पात्याला जे लागलेलं असायचं ते पाच दिवसांत बाळाच्या अंगात भिनायचं.

या गावात एक घर होतं, चिंचेच्या पलीकडचं. घरात सासू, मुलगा आणि सून. सून धुळ्याकडची, अठरा-एकोणीसची असेल, बोलायची अगदी कमी. तिचा पहिला मुलगा मी यायच्या आधीच सहाव्या दिवशी गेला होता. दुसऱ्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा मी होते. एकदा थंड पेटी घेऊन त्यांच्या दारात गेले. सासूने उंबऱ्यातूनच सांगितलं, "आमना घर काही काम नही, बाई. पुढे जा." तिला वाटलं मी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी आले. वाटणारच. वरून तगादा असायचा, ऑपरेशनच्या केसेस आणा, केसेस आणा, आणि मला पाहिलं की बायका पदर सावरून आत पळायच्या. ऊन डोक्यावर होतं, अजून दोन गावं बाकी होती. मी पुढे गेले.

तिला मुलगी झाली. सहाव्या दिवशी मला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा ती खाटेच्या कडेला बसून बाळाच्या मिटलेल्या ओठांवर दूध पिळत होती. दूध गालावरून ओघळत होतं. दाराबाहेर गाय हंबरली आणि बाळाचं अंग काठीसारखं ताठ झालं. मी म्हटलं, जळगावला नेऊ, आत्ता. एस.टी. येईपर्यंत बाळ राहिलं नाही. सून रडली नाही. तिने पदराने बाळाचा गाल पुसला आणि पुसतच राहिली. सासूच मोठ्याने रडली, आणि रडताना सटवीला शिव्या देत होती.

त्यानंतर मी पेटून उठले असं म्हणायला छान वाटेल. पेटले वगैरे काही नाही, दमलेच होते. पण झोप लागत नव्हती हे खरं. मी गावात बायका जमवल्या, मारुतीच्या ओट्यावर, देवळातल्या घंटेशेजारी. सांगितलं: पोटात असताना आईला दोन सुया. दोन म्हणजे दोन, एकीने भागत नाही, आणि दोन्हींमध्ये महिन्याचं अंतर. त्या दोन सुयांचं बळ आईच्या रक्तातून बाळाला मिळतं. नाळ कापायला नवी ब्लेडची पत्ती, बांधायला उकळलेला दोरा, दाईचे हात साबणाने धुतलेले, बेंबीवर काहीही लावायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. राख नाही, तेल नाही, हळदसुद्धा नाही.

कानीकपाळी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. ऐकायच्या, मान हलवायच्या, आणि घरी जाऊन विळाच काढायच्या. अक्काच एकदा म्हणाली, "पत्ती काय पुजणार बाई? पाचवीला पाटावर काय मांडू?"

तिथे मला सुचलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात हुशार गोष्ट, असं मला तेव्हा वाटलं. मी म्हटलं, "अक्का, ज्याने नाळ कापली त्याची पूजा ना? मग विळा नको, या पत्तीचीच पूजा करा. पाचवीला हीच पाटावर मांडा. हीच बाळाची राखण करते."

अक्काला ते पटलं. म्हातारी मोठी हुशार होती, आणि मनाने चांगली. पन्नास वर्षं बायका सोडवत आली होती, एका बाईला कधी टाकून बोलली नव्हती. तालुक्याहून मिळालेली पाकिटं मी तिला दिली. एकेकात एक नवी पत्ती, दोरा, साबणाची वडी. एका बाळंतपणाला एक पाकीट, असं बजावलंसुद्धा. ती म्हणाली, "हाव, बाई."

आणि जमलं. त्या मुलीच्या मरणाने गाव हादरलं होतं, त्यामुळे बायका सुया घ्यायला लागल्या. सासवा कुरकुरायच्या, पण घ्यायच्या. वर्ष-दीड वर्षात गावात चार-पाच बाळंतपणं झाली आणि सातव्या दिवशी एकही घर रडलं नाही. मी प्रत्येक वेळी अक्काला विचारायची, "पत्ती वापरली ना?" ती म्हणायची, "वापरली." मी वहीत लिहायची. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं, आणि मी घरी येताना धरणगावला उतरून शेव घेतली. स्वतःच्या हाताने शेवभाजी करून खाल्ली, एकटीने. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

मग चिंचेच्या पलीकडच्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले.

या वेळी मी दारातून परत आले नाही. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. सासू म्हणाली, "सुई लिधी का पोट पडी जास." मी म्हटलं, मावशी, गावात चार जणींनी घेतली, कुणाचं पडलं? ती चुलीकडे वळली. मी उठले नाही. तिने जेवण केलं, मी बसूनच. तिने भांडी घासली, मी बसूनच. शेवटी वैतागून म्हणाली, दे बाई एकदाची आणि जा. सून समोर येऊन दंड पुढे करून बसली. पहिली सुई झाली.

दुसऱ्या दिवशी सुनेचा दंड सुजला, अंग तापलं. होतं तसं कधी कधी, दोन दिवसांत उतरतं. पण सासूला तेवढं पुरलं. महिन्याने मी दुसरी सुई घेऊन गेले तर दाराला कडी. पुन्हा गेले, तर सून माहेरी, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिलाही जाऊ दिलं होतं, एवढं तरी चांगलं. ती परत आली तेव्हा मी ऑपरेशनच्या कँपात अडकले होते. नंतर गेले तेव्हा सासूने हात जोडले. "एक दिधी ना बाई. आते बस." सून आतल्या दारात उभी होती, मान खाली घालून. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिचाच राग आला. म्हटलं, हिचंच मूल, आणि ही तोंड उघडत नाही. जाऊ दे मरू दे, असंसुद्धा मनात आलं. आता आठवलं की लाज वाटते.

पेरण्या होऊन निंदणी सुरू झाली तेव्हा ती बाळंत झाली. मुलगा. मी दुसऱ्या गावात होते, मला चौथ्या दिवशी कळलं. पाचव्या दिवशी सकाळीच गेले. बाळ पीत होतं, रंग चांगला, बेंबी कोरडी, वर राख नाही. मी अक्काच्या पाठीवरून हात फिरवला. घरात पाचवीची गडबड होती, पाट मांडलेला, घुगऱ्या शिजलेल्या. पाटावर लाल फडक्यावर पत्ती होती.

मी वाकून पाहिलं. पत्तीला हळद-कुंकवाचे थर चढले होते, एकावर एक. कडेला तांबूस डाग होते. ते कुंकू नव्हतं, गंज होता.

"अक्का, ही नवी पत्ती नाही."

"नवी कसाले?" अक्का हसली. तिला खरंच अभिमान वाटत होता. "ती पत्ती गुणनी शे, बाई. बठ्ठा पोरे जगनात तिनावर."

सगळी पोरं तिच्यावरच जगली, असं ती सांगत होती. पहिल्या बाळंतपणाला पाकीट फोडलं, मुलगा जगला, पाचवीला पत्तीची पूजा झाली. पूजा झालेली पत्ती टाकायची कशी? दुसऱ्या घरी तीच नेली, तेही बाळ जगलं. मग गावातल्या बायकाच म्हणायला लागल्या, आमच्याकडे तीच आण. बाकीची पाकिटं अक्काने ट्रंकेत जपून ठेवली होती, एकही फोडलेलं नाही. मी विचारलं, उकळली तरी का? तर ती माझ्याकडे पाहतच राहिली. देवाला वाहिलेली वस्तू कुणी चुलीवर उकळतं का? ज्या घरात दोन मुलं गेली त्या घराला तर तीच पत्ती हवी. त्या घराचा हक्क पहिला.

मी तिथेच पाटाशेजारी बसले. बाकीची बाळं कशाने जगली ते मला माहीत होतं. त्यांच्या आयांनी दोन-दोन सुया घेतल्या होत्या, म्हणून गंजकी पत्तीही त्यांना काही करू शकली नाही. श्रेय पत्तीला मिळालं. आणि पत्तीची पूजा करायला मीच सांगितलं होतं. "हीच बाळाची राखण करते," हे माझे शब्द, अक्काने एकही अक्षर बदललं नव्हतं. मी वर्षभर विचारत राहिले, पत्ती वापरली का. कोणती, ते एकदाही विचारलं नाही. अक्कावर रागवायचं म्हटलं तर तोंडच नव्हतं मला.

आणि या सुनेला एकच सुई. पाचवा दिवस.

मी उठले आणि सासूला म्हटलं, बाळाला घेऊन आत्ता जळगावला जायचं, मोठ्या दवाखान्यात, त्याला औषध द्यायला हवं. सासू म्हणाली, पाचवीच्या दिवशी बाळंतीण उंबरा ओलांडते का? चांगलं खेळतं पोर, याला काय झालं? मी म्हटलं, उद्या होईल. हे शब्द तोंडातून जायला नको होते. सासूचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. तिने मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. पांढऱ्या पायाची म्हणाली, तेवढं आठवतं. मीही बोलले. अक्का मध्ये पडली, तिला तर काही कळतच नव्हतं, पाचवीला भांडण कशाचं.

तेवढ्यात आतून सुनेने हाक मारली. मला म्हणाली, बाई, टाका दुखतोय, बघून घ्या. तिला टाका घातलेलाच नव्हता. मी आत गेले. तिने दार लोटलं. शेगडीत ओवा टाकलेला, खोलीभर धूर. ती गोधडीच्या घडीत हात घालून काहीतरी शोधत होती. तिने एक चुरगळलेलं कार्ड काढलं, माझ्याकडचं नव्हतं. धुळ्याकडच्या कुठल्याशा दवाखान्याचा शिक्का, आणि सुईच्या रकान्यात सही.

"दुसरी सुई लिधी मी," ती हळूच म्हणाली. "अखाजीले. माय बरोबर व्हती. आत्याले सांगू नका." आत्या म्हणजे तिची सासू.

मी तारीख बघितली. बोटांवर महिना मोजला, पुन्हा मोजला. अंतर बरोबर होतं, बाळंतपणाच्या आधी पुरेसे दिवसही होते. मारुतीच्या ओट्यावर मी महिन्याचं अंतर म्हणाले होते, ते तिने लक्षात ठेवलं होतं. माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली तेव्हा ते कार्ड घरातच होतं. मी मनात हिला मरू दे म्हणत होते, आणि ही झोके सोडून उन्हात सुई घ्यायला गेली होती. मला रडू आलं. ती गोंधळली, तिला वाटलं काही चुकलं.

जळगावला मग नेलं नाही. पण मी रोज गेले. सासू बोलायची नाही, मी सरळ आत जायची. सहाव्या दिवशी बाळ पीत होतं. सातव्या दिवशी मी दारातून पाऊल टाकायच्या आधी थांबले, आतून रडणं ऐकू आलं, मोठं, तोंड पूर्ण उघडून. इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. मधल्या दिवसांत अक्काकडे जाऊन ट्रंकेतली पाकिटं बाहेर काढली. पत्तीचं काय करायचं, हा प्रश्न होता. टाक म्हटलं तर ती टाकणार नव्हती. शेवटी म्हटलं, अक्का, देवाची झाली ना ती, मग देवाजवळच राहू दे, पुन्हा कामाला कशाला लावायची. तिला ते रास्त वाटलं. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि पुढच्या बाळंतपणाला नवं पाकीट फोडलं. मी समोर उभी राहून फोडायला लावलं.

आठव्या दिवशी दुपारी मी शेवटची गेले. सासू शेतात होती, निंदायला. घरात सून एकटी, मांडीवर बाळ. मी बेंबी बघितली, नाळ गळून पडली होती. सगळं छान आहे म्हटलं. आता काळजी नाही म्हटलं. ती हसेल असं मला वाटलं. तिने बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. मग तिने वर न बघताच विचारलं,

"बाई, मनी आंडेर व्हयनी तवय बी हाई सुई व्हती का?"

माझी मुलगी झाली तेव्हाही ही सुई होती का, असं ती विचारत होती. आवाजात राग नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

होती. त्या दिवशी उंबऱ्यात उभी होते तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पेटीत होती. बर्फही होता. सासू जा म्हणाली आणि मी गेले. ऊन होतं, दोन गावं बाकी होती, वरून केसेसचा तगादा होता, हे सगळं मला सांगता आलं असतं. ओट्यावर बसून राहायला मला त्याही दिवशी येत होतं.

"होती," मी म्हटलं.

तिने मान हलवली. बाळ कुरकुरलं, तशी तिने त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं.